युटाचं कॅरी परमिट संपत आलंय, रिन्यू करावं का?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गृहस्थ आता अमेरिकन नागरिक आहेत. २०१५ मध्ये त्यांनी युटा राज्याचं नॉन-रेसिडेंट (राज्याबाहेरच्यांना मिळणारं) कन्सील्ड कॅरी परमिट, म्हणजे पिस्तूल लपवून जवळ बाळगायचा परवाना, काढलं, २०२० मध्ये रिन्यू केलं, आता दुसऱ्यांदा मुदत संपतेय. मधल्या काळात न्यू जर्सीचं परमिटही मिळालं. मुलगा पिट्सबर्गला शिकतो, मेहुणी नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाच्या गावात राहते आणि डिसेंबरात सहकुटुंब फ्लोरिडातलं ऑर्लँडो ठरलंय. ‘युटाचं कार्ड इतक्या राज्यांत चालतं म्हणतात, मग असू दिलेलं बरं ना?’

मी वकील नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाचे वर्ग घेतो, आणि हाच प्रश्न मला वर्गात सतत विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही ठिकाणी युटाच्या कार्डाने तुमचं काहीही अडत नाही आणि काहीही सुटत नाही. फी किरकोळ आहे, रिन्यू करायचं तर करा. पण त्याआधी पेनसिल्व्हेनियाचं परमिट काढा. खरी गरज तिथे आहे आणि खरा धोकाही तिथेच आहे.

आधी हे युटाचं कार्ड आपल्या लोकांच्या पाकिटात आलं कसं ते पाहू, म्हणजे त्याची आजची किंमत कळेल. न्यू जर्सीत २०२२ पर्यंत साध्या माणसाला कॅरी परमिट मिळणं जवळजवळ अशक्य होतं. ‘न्याय्य गरज’ सिद्ध करा म्हणायचे, आणि ती निवृत्त पोलीस किंवा रोकड वाहणारे सुरक्षारक्षक यांच्यापलीकडे फारशी कुणाची सिद्ध व्हायची नाही. त्यामुळे ज्यांना पिस्तुलाची आवड होती त्यांनी युटा आणि फ्लोरिडाची वाट धरली. ही दोन राज्यं बाहेरच्यांनाही परमिट देतात. युटाचा वर्ग तर युटाच्या बाहेरही घेता येतो. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या गन शॉपच्या मागच्या खोलीत किंवा हॉटेलच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसात उरकायचा. गोळी झाडून दाखवायची अटही नव्हती. बोटांचे ठसे आणि फोटो टपालाने सॉल्ट लेक सिटीला पाठवायचे आणि कार्ड घरी यायचं. गंमत म्हणजे ते कार्ड आपल्या स्वतःच्या राज्यात शून्य कामाचं होतं. न्यू जर्सी तेव्हाही दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नव्हतं, आजही मानत नाही.

२३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ब्रुएन खटल्याचा निकाल दिला. न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ दाखवण्याची अट घटनाबाह्य ठरली आणि तिच्याबरोबर न्यू जर्सीची अटही गेली. डिसेंबर २०२२ मध्ये न्यू जर्सीने नवा कायदा केला: फी २०० डॉलर, मुदत दोन वर्षं, प्रशिक्षण, रेंजवर नेमबाजीची परीक्षा, आणि जिथे पिस्तूल न्यायचंच नाही अशा जागांची लांबलचक यादी. त्या यादीवरून कोर्टात भांडणं झाली, पण परमिट मिळायला लागलं हे खरं.

दुसरीकडे बरीच राज्यं उलट्या दिशेने गेली. युटाने मे २०२१ पासून परमिटची सक्तीच काढली. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून, फ्लोरिडाने १ जुलै २०२३ पासून. साउथ कॅरोलायना आणि लुइझियाना २०२४ मध्ये आल्यावर अशा राज्यांची संख्या २९ झाली. म्हणजे युटाचं कार्ड चालणारी राज्यं हिरवी दाखवणाऱ्या ज्या नकाशाकडे बघून तुम्ही २०१५ ला कार्ड काढलंत, त्यातल्या बऱ्याचशा हिरव्या राज्यांत आज कार्डाशिवायही चालतं. नकाशा तेवढाच हिरवा दिसतो, पण त्यातला युटाचा वाटा खूप आटला आहे.

म्हणून मी वर्गात राज्यं मोजू देत नाही. गेल्या दोन वर्षांत तुमची गाडी कुठे कुठे गेली ते सांगा म्हणतो. तुमचे रस्ते तर तुम्हीच लिहिलेत, तेव्हा तेच घेऊ.

पिट्सबर्ग. एडिसनहून आय-७८ ने निघालात की तास-सव्वा तासात डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरता. पेनसिल्व्हेनिया युटाचं परमिट मानतं, पण ते युटाच्या रहिवाशांचं. तुमच्या कार्डावर नॉन-रेसिडेंट आहे, म्हणजे ते तिथे चालत नाही. फोनमधल्या अ‍ॅपवर पेनसिल्व्हेनिया हिरवं दिसतं आणि खाली बारीक अक्षरात ‘फक्त रहिवासी’ लिहिलेलं असतं. ती ओळ न वाचणारे लोक मला दर बॅचमध्ये भेटतात. न्यू जर्सीच्या परमिटलाही पेनसिल्व्हेनियाची मान्यता नाही.

आता एक बारकावा. पेनसिल्व्हेनियाच्या परवान्याविना बंदूक बाळगण्याच्या कलमात अपवादांची यादी आहे. त्यातला एक अपवाद असा: दुसऱ्या कुठल्याही राज्याचा ‘त्या शस्त्रासाठीचा’ वैध परवाना असेल, तर वाहनात शस्त्र बाळगता येतं. फक्त वाहनात. या अपवादावर विसंबून लोक भरलेलं पिस्तूल कमरेला लावून टर्नपाइकने (टोलच्या महामार्गाने) जातात. गाडी चालू आहे तोवर ठीक. मग साइडलिंग हिलच्या सर्व्हिस प्लाझावर कॉफी प्यायला उतरतात, अंगावर जॅकेट असतं, जॅकेटखाली पिस्तूल. गाडीचं दार बंद झालं त्या क्षणी अपवाद संपला. आता तो माणूस परवान्याशिवाय लपवून शस्त्र बाळगतोय, आणि हा गुन्हा पेनसिल्व्हेनियात किरकोळ नाही. उतरण्याआधी पिस्तूल काढून गाडीत कुलूपबंद करायचं, परत येऊन पुन्हा लावायचं, हा खेळ प्रत्येक थांब्यावर? पार्किंगमध्ये, पोरांसमोर, स्टिअरिंगखाली वाकून? भरलेलं पिस्तूल जितक्या वेळा होल्स्टरमधून आत-बाहेर कराल तितकी चुकून गोळी सुटायची शक्यता वाढते. मला हा प्रकार अजिबात पसंत नाही. आणि मुद्दा असा की या अपवादासाठीही युटाचंच कार्ड हवं असं नाही. न्यू जर्सीचं आहेच.

यावर सरळ उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. पेनसिल्व्हेनिया बाहेरच्या रहिवाशांना स्वतःचं परमिट देतं. फी २० डॉलर, मुदत पाच वर्षं. अट एवढीच की तुमचं राज्य परमिट देत असेल तर ते आधी तुमच्याकडे असलं पाहिजे. २०२२ पूर्वी हीच अट न्यू जर्सीवाल्यांच्या आड यायची, आज तुमच्या पाकिटात ते कार्ड आहे. अर्ज काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडे स्वतः जाऊन करायचा. काही शेरीफ बाहेरच्यांचे अर्ज घेतात, काही नाही म्हणतात, तेव्हा आधी फोन करा. सीमेजवळच्या काउंट्यांपासून सुरुवात करा, म्हणजे हेलपाटा वाचेल. कायद्याने शेरीफला ४५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मुलाला भेटायला जाताना एवढं एक कार्ड असलं की प्लाझावरचा तमाशा संपला. विद्यापीठाच्या आवारात मात्र त्यांच्या नियमानेच मनाई असते, तिथे पिस्तूल गाडीत कुलपात किंवा त्याहून बरं म्हणजे घरी.

परतीच्या वाटेवरचा सापळा वेगळा. पेनसिल्व्हेनियात पिस्तुलात हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर फुलणाऱ्या) गोळ्या भरायला कुणाची ना नाही. न्यू जर्सीत कॅरी परमिट असलं तरी हॉलो पॉइंट भरून फिरता येत नाही. मॅगझिनही (गोळ्या भरायचा खाचा) दहा गोळ्यांपेक्षा मोठं चालत नाही. पिट्सबर्गच्या रेंजवर मुलाबरोबर शनिवार घालवला, पिस्तुलात तेच भरलेलं राहिलं, आणि पूल ओलांडून न्यू जर्सीतल्या फिलिप्सबर्गला आलात की गुन्हेगार. परमिट वैध, पिस्तूल वैध, आतली गोळी अवैध. परतीला निघण्याआधी मॅगझिन रिकामं करून बघायची सवय लावा.

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना. (कॅरी करण्यासाठी कॅरीला, हा विनोद तिथल्या प्रत्येक मराठी माणसाने ऐकून झालाय.) नॉर्थ कॅरोलायना २०११ पासून सगळ्याच राज्यांची वैध परमिटं मानतं. म्हणजे न्यू जर्सीचं कार्ड पुरेसं, युटाचं असलं-नसलं सारखंच. तिथे दोन गोष्टी पाळा. पोलिसाने थांबवलं तर तुमच्याकडे पिस्तूल आहे आणि परमिट आहे हे आपणहून लगेच सांगायचं. (न्यू जर्सीच्या नव्या कायद्यातही तसंच आहे.) दुसरं, अंगात दारूचा थेंब असताना कॅरी चालत नाही. ‘मर्यादेत घेतली’ वगैरे तिथे नाही. मेहुणीकडे जेवणाआधी ग्लास हातात येणार असेल तर पिस्तूल त्याआधीच कुलपात जायला हवं.

पण तिथे पोचेपर्यंतचा रस्ता? डेलावेअर, मेरीलँड, व्हर्जिनिया. मेरीलँड कुणाचंच परमिट मानत नाही. तिथे आधार फक्त १९८६ च्या फेडरल कायद्यातल्या सुरक्षित वाहतुकीच्या कलमाचा: निघता त्या जागी आणि पोचता त्या जागी शस्त्र कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून नेता येतं. मात्र पिस्तूल रिकामं, आणि ते आणि गोळ्या दोन्ही प्रवाशांच्या हाताला येणार नाहीत अशा ठिकाणी. डिकी असेल तर डिकीत. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅन असेल तर कुलूप लावलेल्या पेटीत. ग्लव्ह बॉक्स आणि मधला कन्सोल कुलूप असलं तरी चालत नाही. मी तर सांगतो, निघतानाच घरी ओसरीवर सगळं बंद करा आणि नॉर्थ कॅरोलायनाची पाटी दिसल्यावरच उघडा. आय-९५ वर चार राज्यांत चार वेळा पिस्तूल हाताळण्यापेक्षा हे बरं.

आणि हे कलम म्हणजे कवच समजू नका. २००५ मध्ये युटाचा एक माणूस विमानाने पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला निघाला होता. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद, नियमाप्रमाणे जाहीर केलेलं, चेक-इन सामानात. पहिलं विमान उशिरा आलं, नेवार्कला पुढचं चुकलं. बॅगेच्या गोंधळात बदली बसही गेली. रात्र हॉटेलात काढावी लागली, बॅग सोबत होती. सकाळी परत नेवार्क विमानतळावर येऊन त्याने प्रामाणिकपणे पिस्तूल जाहीर केलं, आणि अटक झाली. काही दिवस कोठडी. आरोप पुढे मागे घेतले गेले. त्याने दावा लावला, तो २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं असं की हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून त्या कलमाचं संरक्षण संपलं. चूक विमान कंपनीची, कोठडी त्याच्या नशिबी.

दुसरं उदाहरण माझ्या वर्गात मी नेहमी सांगतो, कारण ते नेमकं ‘माझ्याकडे परमिट आहे ना’ या भरवशाचं आहे. ऑक्टोबर २०१३. फिलाडेल्फियाची दोन मुलांची आई, पेनसिल्व्हेनियाचं परमिट नुकतंच मिळालेलं. दक्षिण न्यू जर्सीत साध्या वाहतूक तपासणीत तिला थांबवलं. तिने आपणहून पोलिसाला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे परमिट. न्यू जर्सीच्या दृष्टीने ते परमिट म्हणजे कागदाचा तुकडा. किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार तिच्या डोक्यावर आली. देशभर बोभाटा झाला, शेवटी एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. प्रत्येकासाठी गव्हर्नर धावून येत नाही. ती मनाने गुन्हेगार नव्हती; तिच्याजवळचं कार्ड खरं होतं, फक्त ज्या राज्यात ती उभी होती त्या राज्याचं नव्हतं. परराज्याच्या परमिटबद्दल माझा आक्षेप असलाच तर तो फीबद्दल नाही, तो या खोट्या धीराबद्दल आहे.

ऑर्लँडो. फ्लोरिडा बाहेरच्या राज्याच्या नॉन-रेसिडेंट परमिटला मान देत नाही, तेव्हा युटा बाद. पण २०२३ पासून अटी पूर्ण करणाऱ्या कुणालाही, बाहेरच्यालाही, परमिटशिवाय चालतं. ओळखपत्र जवळ हवं. तरी तुम्ही चार दिवस डिस्नीत घालवणार आणि डिस्नीच्या हद्दीत शस्त्राला बंदी आहे. मग ते विमानाने न्यायचं, नेवार्कला जाहीर करायचं, हॉटेलच्या तिजोरीत ठेवायचं आणि तसंच परत आणायचं. कशासाठी? घरी ठेवा.

इथे एक गोष्ट मात्र परराज्याच्या परमिटच्या बाजूने जाते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. फेडरल कायद्यानुसार शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगणं गुन्हा आहे. त्याला अपवाद परमिटधारकांचा, पण ते परमिट ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेलं असावं लागतं. दुसऱ्या राज्याचं, फक्त मान्यता मिळालेलं परमिट किंवा ‘परमिटची गरजच नाही’ हा राज्याचा कायदा, या दोन्हींनी फेडरल कलम सुटत नाही. शहरात गाडी चालवताना १,००० फूट म्हणजे दर दोन-तीन चौकांना एक शाळा. नुसतं रस्त्याने गेलं म्हणून याच एका कलमाखाली साध्या माणसावर खटला भरल्याचं मी पाहिलेलं नाही, पण दुसऱ्या भानगडीत हे कलम जोडलं जाऊ शकतं. त्यामुळे ज्याची मुलगी टॅम्पाला राहते आणि जो वर्षातले दोन महिने तिथे काढतो, त्याला मी फ्लोरिडाचं सात वर्षांचं लायसन्स अवश्य काढायला आणि रिन्यू करायला सांगतो. ज्याचा व्यवसाय सॉल्ट लेकला आहे त्याने युटाचं ठेवावं. तुम्ही यातले नाही.

शाळेवरून आठवलं. आपल्या मंडळांचे गणपती, दिवाळीचे कार्यक्रम, रविवारची मराठी शाळा, हे सगळं बहुतेक ठिकाणी भाड्याने घेतलेल्या हायस्कूलमध्ये होतं. आत नाटक चाललेलं असलं आणि बाहेर वडापावचा स्टॉल असला तरी ती इमारत शाळाच राहते. न्यू जर्सीचं परमिट असलं तरी शाळेच्या आवारात पिस्तूल नाही म्हणजे नाही. आरतीला जाताना कमरेला काही नसावं.

आता रिन्यू करण्याच्या बाजूने जे आहे तेही मांडतो, कारण ते खोटं नाही. पहिलं, युटाचं कार्ड संपून वर्ष उलटलं की रिन्यू होत नाही, पुन्हा वर्ग, पुन्हा ठसे, पुन्हा पूर्ण फी. आज थोडक्या पैशात आणि ऑनलाइन होतंय. दुसरं, न्यू जर्सीचं परमिट दर दोन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि काही गावांच्या पोलीस खात्यात अर्ज आरामात पडून राहतो. मध्ये खंड पडला तर युटाचं कार्ड न्यू जर्सीत उपयोगी नाहीच, पण नॉर्थ कॅरोलायनात तेवढ्यापुरतं पडेल. तिसरं, वॉशिंग्टनसारखी मोजकी राज्यं आहेत जिथे परमिट लागतं, युटाचं मानतात आणि न्यू जर्सीचं मानत नाहीत. मुलगा पुढे सिअ‍ॅटलला नोकरीला लागला तर हिशेब बदलेल. आपली मुलं तिकडे जातात हे काही मी सांगायला नको.

चौथी गोष्ट उलटी आहे. उद्या तुम्ही टेक्सासला स्थायिक झालात, तर युटा म्हणेल, आधी टेक्सासचं परमिट दाखवा. जे राज्य युटाचं परमिट मानतं, तिथल्या रहिवाशाला युटा त्याच्या स्वतःच्या राज्याच्या परमिटशिवाय कार्ड देत नाही. २०११ च्या सुधारणेपासून हा नियम आहे. न्यू जर्सी युटाला मानत नसल्याने आज तुमच्याकडून तो कागद मागत नाहीत. म्हणजे स्थलांतर डोळ्यांसमोर असेल तर ‘पुढे लागेल’ या एका कारणासाठी युटा धरून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

आणि मान्यता ही एका सहीवर टिकलेली असते हे विसरू नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी फ्लोरिडाबरोबरचा करार बदलून तो फ्लोरिडाच्या रहिवाशांपुरता केला आणि पेनसिल्व्हेनियात राहून फ्लोरिडाच्या कार्डावर फिरणारे उघडे पडले. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाने २५ राज्यांची मान्यता काढल्याचं जाहीर केलं, महिनाभरात राजकीय तडजोड झाली, आणि १ जुलै २०१६ पासून उलट सगळ्यांचीच मान्यता दिली. सगळ्या देशात एकच परमिट चालावं असं विधेयक प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं होतं, ते सिनेटमध्ये अडकलं. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक राज्याच्या पोलिसांचं किंवा अ‍ॅटर्नी जनरलचं स्वतःचं पान उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा रंगीत नकाशा ज्याने पाठवला, तो तुमच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार नाही.

समजा, तुम्ही रिन्यू केलं नाही. त्याने तुमच्या नावावर डाग लागतो का, असंही काहींना वाटतं. नाही. मुदत संपू देणं वेगळं, आणि परमिट नाकारलं किंवा रद्द केलं जाणं वेगळं. पुढच्या अर्जांत विचारतात ते दुसऱ्याबद्दल. फक्त संपलेलं कार्ड पाकिटातून काढून टाका. तपासणीच्या वेळी घाईत भलतंच कार्ड पुढे केलं की उगाच दहा प्रश्न वाढतात.

तुम्ही नागरिक आहात, म्हणून पुढचं तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्यांत एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाले असणारच. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, पर्यटक व्हिसा, या सगळ्यांवर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असण्यासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कॅरीचा विचार करू नका. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हाही ताबाच. ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता येते, परमिटही मिळतं. पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे इमिग्रेशन कायद्यात हद्दपारीचं स्वतंत्र कारण आहे. वर सांगितलेला सर्व्हिस प्लाझा किंवा हॉलो पॉइंटचा घोळ नागरिकाला वकिलाच्या फीला पडेल, ग्रीन कार्डवाल्याला सगळा संसार उचलून परत जायला लावू शकतो. म्हणून ग्रीन कार्ड असेपर्यंत मी एकच सांगतो: ज्या राज्यात राहता त्या राज्याच्या परमिटवर, त्या राज्याच्या आत. बाकी सगळं नागरिकत्वानंतर.

याच्याशी जोडलेली आणखी एक बाब, ही तुम्हालाही लागू आहे. आई-बाबा सहा महिन्यांसाठी पर्यटक व्हिसावर येतात. तिजोरीचा कोड घरात सगळ्यांना माहीत, कारण तिच्यात दागिने आणि पासपोर्टही असतात. त्यांनी ते पिस्तूल कधी पाहिलंही नसेल, पण त्यांच्या हाताशी होतं एवढं कायद्याला पुरू शकतं. पिस्तुलाची तिजोरी वेगळी आणि कोड तुमच्यापुरता.

मग क्रम असा धरा. आधी पेनसिल्व्हेनियातल्या दोन-तीन शेरीफ कार्यालयांना फोन, जिथे हो म्हणतील तिथली वेळ घ्या. न्यू जर्सीच्या परमिटची तारीख बघा, सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर आजपासून कागद जमवा. एवढं झाल्यावर युटाच्या साइटवर जाऊन रिन्यू करायचं तर करा, मुदत संपायच्या आत, म्हणजे उशिराचा दंड नको.

आणि जाताना, प्रश्नात नसलेलं एक. रेंजवर न्यायची बॅग ही फक्त रेंजचीच बॅग असू द्या. तिच्या कप्प्यात राहिलेली एक गोळी घेऊन माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरतो किंवा तिथून परत निघतो, एक्स-रेमध्ये ती दिसते, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. अमेरिकेतलं कुठलंही परमिट तिथे दाखवून उपयोग नाही. जाणूनबुजून बाळगली नव्हती हे पटलं की हायकोर्ट असे गुन्हे रद्द करतं, पण तोवर विमान चुकलेलं असतं, तारखा चालू झालेल्या असतात. भारतात जायच्या सामानासाठी दुसरी बॅग घ्या, आणि जुनीच न्यायची असेल तर सगळे कप्पे उलटे करून, अस्तरात हात घालून, चांगल्या उजेडात बघा.